काडतूस भरायचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय? पैसे देण्याआधी हे वाचा

पुणे : टेबलाला बसवलेलं छोटं यंत्र. रिकामं बारा बोअर काडतूस ठेवायचं, हँडल ओढायचं की जुनी टोपी बाहेर. मग नवी टोपी, दारू, वॅड, छर्रे आणि शेवटी तोंड बंद. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज खर्च वाचवण्यासाठी घरीच काडतुसं भरतात. तिथले व्हिडिओ पाहून पुण्यातल्या नवख्या नेमबाजालाही असं वापरलेलं यंत्र घ्यावंसं वाटू शकतं. पण इथे कायदा वेगळा आहे.

नुसतं यंत्र घेतलं तर?
शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २ मधील 'दारूगोळा' या व्याख्येत दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे दारूचा कणही नसलेलं यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवणं अडचणीचं ठरू शकतं. परदेशातून मागवायचं तर कलम १० नुसार आयातीचा परवाना लागतो.

बंदुकीचा परवाना आहे, मग चालेल?
नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवण्याचा वेगळा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूसाठी स्फोटक कायदाही लागू होतो.

धोका फक्त कायद्याचा?
तसंही नाही. दारूचा प्रकार चुकला किंवा एकाच काडतुसात दोनदा पडली, तर नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. जुन्या यंत्राचं माप झिजलेलं असेल, तर नवख्याला ते कळतही नाही.

आजोबांच्या पेटीत असं सामान सापडलं तर?
शिकारीच्या काळातली काडतुसं किंवा ती भरायची हत्यारं विकू नका, रद्दीतही देऊ नका. कलम २१ नुसार ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतात. काडतुसं हाताळण्याआधी पोलिसांना फोन करा.

मग सुरुवात कशी करायची?
एअर रायफलपासून. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ज्या बालेवाडीत सराव करत आला, तिथल्या रेंजवर आधी प्रशिक्षकांना भेटा.

वापरलेली एअर रायफल घेताना काय पाहायचं?
- हवेच्या सिलिंडरवरची तारीख. साधारण दहा वर्षांची मुदत असते. संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरा.
- मूळ बिल आणि अनुक्रमांक जुळतात का.
- रात्रभर ठेवून हवेचा दाब उतरतो का.
- विकणाऱ्यासमोर रेंजवर प्रत्यक्ष चाचणी.

बिल नाही आणि सौदा रस्त्यावरच उरकायचा आहे, असं विकणारा म्हणाला तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा.