नवजात शिशूची टाळू : मापन व नोंद

सूतिका व बालक यांच्या चिकित्सेत टाळूविषयीचा प्रश्न ठरलेलाच असतो. ‘टाळू अजून भरली नाही’, ‘टाळू खोल गेली’, ‘टाळू फार उडते’, अशा तक्रारी घेऊन आजी व माता चिकित्सालयात येतात; औषधी दुकानात याच तक्रारी टाळूच्या तेलाची मागणी होऊन येतात. ‘टाळू भरणे’ या एकाच शब्दप्रयोगाने आपल्याकडे दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जातात. टाळूवर तेल जिरविणे ही एक आणि ते स्थान अस्थिमय होऊन बुजणे ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी घडते हा समज बहुधा या शब्दसाम्यातूनच रुजला असावा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, जन्मलेल्या बालकाची टाळू स्नेहयुक्त कार्पासपिचूने आच्छादावी असे सांगितले आहे. तथापि छिद्र बुजावे हा हेतू तेथे नाही. टाळू बुजते ती कवटीच्या अस्थींच्या वाढीने. तेल अवश्य लावावे, परंतु टाळूची परीक्षा त्याने चुकता कामा नये.

पुढील टाळू ही दोन ललाटास्थी व दोन पार्श्वास्थी यांच्या संधिस्थानी असलेली, चिवट पटलाने झाकलेली चौकोनी जागा होय. मागील टाळू त्रिकोणी व लहान असते. ती साधारणतः पहिल्या दोन महिन्यांत बुजते. पुढील टाळू बहुतेक बालकांत १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बुजते, परंतु निरोगी बालकांतही याहून अलीकडे-पलीकडे बुजलेली आढळते. जे पटल एवढे चिवट आहे त्यास हलक्या हाताने स्पर्श केल्याने अपाय होत नाही, हे मातेस प्रथम सांगावे. तिची भीती गेल्याखेरीज बालक शांत राहत नाही व माप नीट येत नाही.

मापनासाठी पोपिच व स्मिथ यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत सोपी आहे. बालक शांत असताना त्यास मातेच्या मांडीवर अर्धवट बसते धरावे. तर्जनीचे टोक टाळूच्या चारही कोनांत क्रमाने पोहोचेल तितके सरकवावे व टोकाच्या लगेच पुढे शाईचा बारीक ठिपका द्यावा. त्यावर पांढरा कागद दाबून ठिपके उमटवून घ्यावेत आणि पट्टीने पुढून मागे व आडवे अशी दोन्ही अंतरे मोजावीत. दोहोंची बेरीज करून निम्मी करावी. लांबी २.६ व रुंदी २.२ सेंटिमीटर असल्यास टाळूचे माप २.४ होते. त्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या नवजातांचे सरासरी माप २.१ सेंटिमीटर आले होते आणि प्राकृत मर्यादा ०.६ पासून ३.६ पर्यंत, इतकी विस्तृत होती. अन्य समाजांतील सरासऱ्या यापासून भिन्न आढळल्या आहेत. म्हणून एकाच आकड्यावरून निदान करू नये.

कोन शिवणीत निमुळते होत जातात, त्यामुळे टाळू नेमकी कोठे संपली हे ठरविताना दोन वैद्यांच्या हातांत फरक पडतो. शक्यतो एकाच व्यक्तीने पुनःपुन्हा मोजावे. जन्मानंतर लगेच कवटीची हाडे एकमेकांवर चढलेली असतात, तेव्हाची टाळू लहान भासते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावी. ‘दोन बोटे टाळू आहे’ अशी नोंद आम्हास वारंवार दिसते. ही बोटे कोणाची? शास्त्रातील अंगुलप्रमाण ज्याचे त्याच्या अंगुलीने घ्यावयाचे असते. वैद्याच्या दोन बोटांना तो आधार नाही. सेंटिमीटरच लिहावे, आणि त्याच दिवशीचा शिरोपरिघही लिहावा.

मोठ्या टाळूमागे अनेक कारणे असू शकतात : मुडदूस, अस्थिवृद्धीचे विकार, डाउन सिंड्रोम, कवटीतील वाढलेला दाब. परंतु वैद्याने सर्वाधिक जागरूक राहावे ते जन्मजात थायरॉइडन्यूनतेविषयी. हे बालक फारसे रडत नाही, पुष्कळ झोपते, दूध मंदपणे ओढते, मलावष्टंभ असतो. घरचे लोक ‘गुणी बाळ’ म्हणून कौतुक करतात व आपण कफप्रकृती म्हणून पुढे जातो. अशा बालकात पुढील टाळू मोठी, मागील टाळू अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक उघडी, कावीळ लांबलेली व नाभी पुढे आलेली आढळल्यास त्याच दिवशी टीएसएच तपासणीस पाठवावे. थायरॉक्सिन पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास बुद्धीची हानी बहुतांशी टळते. महिन्यांनी निदान झाल्यास ती भरून येत नाही. येथे काढे-चूर्णांच्या प्रयोगास वाव नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लहान टाळू पुष्कळदा प्राकृतच असते. शिरोपरिघ वयानुसार वाढत असेल तर, म्हणजे पहिले तीन महिने दरमहा सुमारे २ सेंटिमीटर, चिंतेचे कारण नाही. वाढ खुंटली, अथवा शिवणीवर कठीण कंगोरा हातास लागला, तर शिवणी अकाली जुळल्याची शंका घेऊन बालशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

टाळू खोल जाण्याचे वर्णन आपल्या ग्रंथांत आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात ते मस्तुलुंगक्षयाच्या प्रसंगी येते व तेथील बालक तृषार्त व दीन आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील तालुकंटकात टाळू निम्न होण्यासोबत स्तनद्वेष, द्रवमलप्रवृत्ती, तृष्णा व वमी सांगितली आहे. हे चित्र जलक्षयाशी किती जुळते, हे वैद्यबंधूंस वेगळे सांगावयास नको. खोल टाळूवर तेल भरत बसण्यात अशा बालकाचे मोलाचे तास जातात. मात्र केवळ टाळूवरून जलक्षय ठरवू नये. बालक सुस्त अथवा अस्वस्थ आहे काय, डोळे खोल गेले आहेत काय, पाणी कसे पिते, पोटाच्या कातडीची चिमटी सोडल्यावर किती मंदपणे पूर्ववत होते, हे पाहावे. निरोगी बालकाची टाळूही बसते धरल्यास किंचित खोल दिसते व उडते. जुलाब असताना स्तनपान चालू ठेवून ओआरएस द्यावे; सुस्त किंवा दोन महिन्यांआतील बालकास विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

याउलट, रडणे थांबल्यावरही टाळू फुगलेली व ताणलेली राहिली आणि सोबत ज्वर, वमी अथवा आक्षेप असेल, तर तेथे मोजमापही करत बसू नये. मस्तिष्कावरणशोथाची शंका घेऊन तत्काळ पाठवावे.

औषधी दुकानदारांस एक विनंती. टाळूसाठी तेल मागावयास आलेल्या गिऱ्हाईकास बालकाचे वय, जुलाब-उलट्या, शेवटची लघवी केव्हा झाली आणि ते दूध ओढते काय, एवढे विचारावे. सहा तासांत लघवी नाही, दूध ओढत नाही, असे उत्तर आल्यास तेलाची बाटली फळीवरच ठेवून रुग्णालयात पाठवावे.