इंजिन रूममधली आग: सिलिंडर किती किलोचा, आणि इंजिन आधी बंद का करायचं?

"देवणीत बोट कुठंय?" संशोधनाचा विषय सांगितला की गावाकडं पहिला प्रश्न हाच येतो. देवणी गाईसाठी प्रसिद्ध, समुद्रासाठी नाही. पण बंद जागेतली आग कशी वागते हा माझा विषय, आणि त्याचं अवघड उदाहरण म्हणजे मासेमारी बोटीची इंजिन रूम. 28 फेब्रुवारी 2025 ला पहाटे अलिबागजवळ समुद्रात एक मासेमारी बोट पेटली. खलाशी वाचले, बोट बरीचशी जळाली. शेतात ट्रॅक्टर पेटला तर लांब पळता येतं. बोटीवर पळणार कुठं?

पावडर की गॅस?

इंजिन रूममध्ये डिझेल असतं, तापलेला एक्झॉस्ट असतो आणि बॅटरीच्या वायरी असतात. त्यामुळं पाणी बाद. एबीसी पावडर ज्वाळा झटक्यात दाबते, पण इंजिनाच्या मागं, खाली पोचत नाही. शिवाय पावडर ओल धरते आणि धातू गंजवते. कार्बन डायऑक्साइड मात्र कोपऱ्याकोपऱ्यात पसरतो आणि मागं काही ठेवत नाही.

किती किलो?

समजा इंजिन रूम 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 1 मीटर उंच आहे. म्हणजे 3 घनमीटर. डिझेलची आग विझवायला हवेत साधारण 34 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. 30 अंश तापमानाला 1 किलो गॅस साधारण 0.56 घनमीटर जागा व्यापतो. गॅस आत शिरताना हवेबरोबर थोडा बाहेरही निसटतो. ते धरून हिशोब केला तर 2 किलोच्या सिलिंडरनं 31 टक्के होतात, 3 किलोच्या सिलिंडरनं 43. म्हणजे 2 किलोचा अपुराच. फटी आणि गळती धरली तर 4.5 किलोचा घेतलेला बरा.

खरी मेख इथं आहे

समजा इंजिन 6 लिटरचं, फेरे मिनिटाला 1800. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला साधारण 5 घनमीटर! आपली रूम 3 घनमीटरची. इंजिन चालू राहिलं तर आतली सगळी हवा, आपण सोडलेल्या गॅससकट, 35-40 सेकंदांत ओढली जाते आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येते. सिलिंडर कितीही महाग असू द्या, गॅस टिकला नाही तर उपयोग शून्य.

म्हणून क्रम असा: आधी इंजिन बंद, डिझेलचा कॉक बंद, पंखा बंद. मगच गॅस. आणि झाकण उघडायचं नाही. उघडलं की आगीला हवा आपणच देतो. त्यासाठी झाकणात नळी जाईल एवढं छोटं भोक आधीच पाडून त्याला बूच लावून ठेवावं. आग विझल्यासारखी वाटली तरी निदान 15 मिनिटं थांबावं. एक्झॉस्ट गरम असतो, त्यावर डिझेल पुन्हा पेटतं.

एक गोष्ट तांडेलापासून पोरापर्यंत सगळ्यांना माहीत हवी. 10 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येही माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि इथं तर आपण 34 च्या वर नेतोय. आत कुणी नाही, हे बघूनच गॅस सोडायचा. नंतरही जागा पूर्ण मोकळी हवा खाऊ दिल्याशिवाय आत उतरायचं नाही.

देखभाल: काटा काय सांगतो आणि काय नाही

पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला म्हणजे आतला दाब ठीक आहे, एवढंच. इंजिनाच्या हादऱ्यानं पावडर खाली बसून ढेप झाली असेल तर काटा ते सांगत नाही. पावडर सुटी राहावी म्हणून सिलिंडर महिन्यातून एकदा उलटा-सुलटा करावा.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो. त्याचं वजन करावं लागतं, आणि त्याला आडतीवरचा काटाही चालतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, ते वजा करा. 10 टक्क्यांहून जास्त गॅस कमी असेल, म्हणजे 4.5 किलोत साडेचारशे ग्रॅमहून जास्त, तर लगेच भरून आणा.

खाऱ्या हवेत गंज पट्ट्याखाली आणि बुडाशी आधी धरतो, तेव्हा सिलिंडर काढून बघावा. आणि तो इंजिन रूमच्या आत नाही, बाहेर दाराशी टांगावा. आग लागल्यावर आत जाऊन सिलिंडर आणणार कोण?