हात फिरे, तिथे रंग दिसे

घराला रंग काढायचे ठरले की दुकानदार आपल्या हातात शेडकार्ड ठेवतो. काडेपेटीएवढ्या चौकोनात जो फिका पिस्ता रंग सगळ्यांना पसंत पडतो, तोच दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर चढला की सरकारी दवाखान्यात बसल्यासारखे वाटते. मग हा रंग नेमका कुणी पसंत केला होता, यावरून घरात आठवडाभर धुसफुस. भिंतीवर हात फिरवावा आणि रंग तिथल्या तिथे बदलून दिसावा, अशी सोय कुठल्याच दुकानात मिळत नाही.

वेबसाइट सजवणाऱ्या मंडळींना मात्र ती मिळाली, आणि तीही फुकट. त्याची ही गोष्ट.

वृत्तपत्र असो, रेल्वेचे आरक्षण असो की बँकेचे खाते, इंटरनेटवरच्या कुठल्याही पानाचे दोन भाग असतात. एक मजकूर आणि दुसरा त्याचा पेहराव. मथळा निळा हवा, अक्षर एवढे मोठे हवे, समास इतका सोडा, असे पेहरावाचे नियम ज्या फाइलीत लिहितात तिला स्टाइलशीट म्हणतात. मजकूर आणि पेहराव वेगळे ठेवावेत, या विचाराने हाकोन विउम ली या नॉर्वेजियन तरुणाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत होते. वेबचा जन्मही तिथलाच. पुढे नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या नावाने ही नियमांची भाषा अधिकृत झाली. ली यांच्या मूळ प्रस्तावात एक उदार कल्पना होती. पान कसे दिसावे, यात लेखकाचा शब्द असावाच, पण वाचकाचाही असावा. व्यवहारात वाचकाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

सजावटकाराचे दिवस कष्टाचेच होते. नियम एका खिडकीत लिहायचा, साठवायचा, दुसऱ्या खिडकीत पान पुन्हा मागवायचे आणि डोळे बारीक करून पाहायचे. समास केसभर जास्त झाला? पुन्हा पहिल्या खिडकीत. त्यातून नियम एकमेकांवर कुरघोडी करतात. एक सांगतो अक्षर काळे, दुसरा सांगतो करडे. पानावर दिसते करडे, आणि ते कुणाच्या हुकमाने, हे शोधण्यात दुपार जाते. ज्यांनी छापखान्याची प्रुफे तपासली आहेत त्यांना ही दुपार ओळखीची वाटेल.

जानेवारी २००६ मध्ये ‘फायरबग’ आले. फायरफॉक्स हा ब्राउझर ज्यांच्या हातून सुरू झाला, त्या चमूतल्या जो हेविट यांनी केलेली ही पुरवणी. पान सजवताना तिथल्या तिथे पाहण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण याची चाल वेगळी होती. पानावरच्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारा. त्याला लागू असलेले सगळे नियम शेजारी उलगडतात, आणि जे नियम हरले त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली असते! कुरघोडीचा सगळा पंचनामा समोर. आकड्यावर जाऊन वरच्या बाणाची कळ दाबली की आकडा एकेकाने वाढतो आणि त्याबरोबर पानावरचे अक्षरही डोळ्यांदेखत फुगत जाते. २००७ च्या आरंभी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तीही विनामूल्य आणि आतल्या कोडसकट सर्वांना खुली.

वापरणाऱ्यांना अर्थातच हर्ष झाला. त्यातही नवशिके जास्त खूष होते, कारण हे हत्यार दुसऱ्याच्या पानावरही चालते. एखाद्या नामांकित वेबसाइटची मांडणी आवडली की तिच्या स्वयंपाकघरात डोकावून फोडणीत काय काय पडले आहे ते पाहता येऊ लागले. अनेकांचे शिक्षण वर्गात न होता असे डोकावूनच झाले.

तक्रारीही आल्या. फुकट ते पौष्टिक असे आपण म्हणतो, पण फुकटच्या जेवणात मीठ कमी पडले तर आवाज जास्त होतो. पहिली तक्रार म्हणजे तासभर खपून पान सुंदर करावे आणि चुकून ते पुन्हा मागवले तर सगळे पुसले जावे. कारण बदल होत होता तो फक्त आपल्या पडद्यावरच्या प्रतीत, मूळ फाइल जागची हलत नव्हती. दुसरी तक्रार मंदपणाची. एके काळी जीमेल उघडले की फायरबगमुळे ते सावकाश चालते अशी सूचनाच झळकत असे. माझ्या मते तिसरी तक्रार व्हायला हवी होती. लगेच दिसते म्हणून माणूस विचार न करता नुसते चाचपडत राहतो. संगणकावर कादंबरी लिहिणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे.

काही वापरणाऱ्यांना निराळाच साक्षात्कार झाला. ज्या हत्याराने रंग बदलतो, त्याच हत्याराने मजकूरही बदलतो. बातमीचा मथळा बदलून मित्रांना फसवणे ही त्यातली निरुपद्रवी थट्टा. पण परदेशात, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, याचा भामट्यांनी केलेला उपयोग अंगावर काटा आणणारा आहे. परतावा देतो म्हणून फोन करायचा, समोरच्याच्या संगणकाचा ताबा मिळवायचा, त्याच्या बँकेच्या पानावरची शिल्लक याच युक्तीने फुगवायची आणि मग ‘चुकून जास्त रक्कम आली, उरलेली परत पाठवा’ म्हणून गयावया करायची. खात्यात दमडीही आलेली नसते. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हे जास्त झोंबते. आमच्या वेळी पासबुकात काहीही लिहिलेले असो, खरे ते लेजरात. पडदा हे पासबुकच आहे. पान पुन्हा मागवा, आकडा मूळ पदावर येतो. कुणी पैसे पाठवल्याचा पडद्याचा फोटो दाखवला, तर आपले खाते आपण वेगळे उघडून पाहावे, हे घरातल्या आजीआजोबांना आजच सांगून ठेवा.

हेविट २००७ मध्ये फेसबुककडे गेले. पुढे फायरबग स्वयंसेवकांनी सांभाळले. दरम्यान इतर ब्राउझरवाल्यांनी तशीच हत्यारे आपल्या पोटात घातली, आणि नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्सपासून जुन्या पद्धतीच्या पुरवण्या चालेनाशा झाल्या. त्यांच्याबरोबर फायरबगही थांबले. त्याचे गुण तोवर फायरफॉक्सच्याच अंगी मुरले होते. आज संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ ही कळ दाबली की जे उघडते, त्यात त्याचीच वंशावळ आहे.

आपल्या मराठीला तर या सोयीची गरज इंग्रजीहून अधिक. पानांचे साचे बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. इंग्रजी मथळ्याची अक्षरे जरा दूर दूर ठेवली की तो ऐटदार दिसतो. तोच नियम ‘महाराष्ट्र’ला लावा, शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. ‘पूर्वी’ हा साधा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार. इंग्रजीच्या मापाने दोन ओळींमध्ये अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात गुंततो, आणि चौकट घट्ट असेल तर रफार छाटलाच जातो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्ता’सारखा देखणा टंक विनामूल्य दिला आहे, पण टंक चांगला असून नियम इंग्रजीचे असतील तर तो काय करणार?

एखाद्या मराठी वेबसाइटवर असा छाटलेला रफार दिसला तर घरातल्या कॉलेजातल्या मुलाला वा मुलीला एफ-१२ दाबायला सांगा. ओळींच्या अंतराचा नियम ‘लाइन-हाइट’ या नावाने असतो. १.२ असेल तिथे १.३, मग १.४, मग १.५. तुमच्या डोळ्यांसमोर ओळी एकेक पाऊल मागे सरतात आणि रफार वर निघतो. मग ते आकडे लिहून घ्या आणि वेबसाइटवाल्यांना कळवा, कारण पान पुन्हा उघडाल तेव्हा रफार परत छाटलेला असेल.