लहान राष्ट्राची ढाल : न्यूझीलंडचे परराष्ट्र व व्यापार मंत्रालय

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम बलाढ्य राष्ट्रे, त्यांची सैन्ये आणि शिखर परिषदा उभ्या राहतात. ज्या देशाजवळ असे बळ नाही, तो जगाशी आपला व्यवहार कसा करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही येथे न्यूझीलंडचे उदाहरण घेतले आहे. या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडीच अधिक, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही बरीच कमी आहे. मोठा म्हणता येईल असा सर्वांत जवळचा शेजारी ऑस्ट्रेलिया, आणि तोही समुद्रापलीकडे सुमारे २००० किलोमीटरवर.

भारतात परराष्ट्र व्यवहाराचे मंत्रालय वेगळे आणि वाणिज्याचे वेगळे आहे. न्यूझीलंडमध्ये १९८८ साली ही दोन्ही कामे एका छताखाली आणण्यात आली आणि १९९३ पासून ते खाते ‘परराष्ट्र व्यवहार व व्यापार मंत्रालय’ या नावाने ओळखले जाते. ही केवळ प्रशासकीय सोय नव्हती. त्यामागे अनुभव होता.

त्यांतील पहिला अनुभव बाजारपेठेचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूझीलंडच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या ब्रिटनकडे जात असे. लोणी, चीज, मेंढीचे मांस आणि लोकर यांवर देशाचा संसार चालत होता. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात जाणार हे दिसू लागताच हा आधार डळमळला. १९७१ साली लक्झेंबर्ग येथे न्यूझीलंडच्या प्रतिनिधींनी लोणी व चीज यांच्यासाठी काही वर्षांची सवलत पदरात पाडून घेतली, तेव्हा कोठे १९७३ चा धक्का सोसता आला. एकाच ग्राहकावर विसंबणे किती धोक्याचे असते, हा धडा त्या पिढीने कायमचा घेतला.

दुसरा अनुभव अधिक कटू होता. फ्रान्सच्या पॅसिफिक महासागरातील अणुचाचण्यांना न्यूझीलंडचा तीव्र विरोध होता. १९७३ मध्ये त्याने आपली युद्धनौका चाचणीक्षेत्राजवळ निषेधासाठी पाठवली आणि ऑस्ट्रेलियाप्रमाणेच आंतरराष्ट्रीय न्यायालयातही दाद मागितली. पुढे १० जुलै १९८५ रोजी ऑकलंड बंदरात ‘रेनबो वॉरियर’ हे चाचण्यांना विरोध करणाऱ्यांचे जहाज फ्रेंच हेरांनी स्फोटाने बुडवले. त्यात एका छायाचित्रकाराचा मृत्यू झाला. पकडलेल्या दोन हेरांना न्यूझीलंडच्या न्यायालयाने शिक्षा दिली, तेव्हा युरोपातील लोण्याची बाजारपेठ अडचणीत येण्याची चिन्हे दिसू लागली. अखेर १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी निवाडा दिला. फ्रान्सने माफी मागावी, सत्तर लाख डॉलर द्यावेत आणि न्यूझीलंडच्या लोण्याच्या आयातीला विरोध करू नये, असे त्यात ठरले. शांततेचा प्रश्न आणि लोण्याचा प्रश्न एकाच निवाड्यात यावेत, यातच हे दोन विषय परस्परांत किती गुंतलेले आहेत ते दिसते.

या पार्श्वभूमीवर मंत्रालयाची उद्दिष्टे समजून घेणे सोपे जाते. पहिले उद्दिष्ट समृद्धीचे : अनेक देशांशी करार करून मालाला अनेक दारे उघडी ठेवणे. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी निकटच्या आर्थिक संबंधांचा करार झाला. २००८ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार करणारा न्यूझीलंड हा पहिला विकसित देश ठरला. ब्रिटनशी झालेला करार २०२३ मध्ये आणि युरोपीय संघाशी झालेला करार २०२४ मध्ये अमलात आला.

दुसरे उद्दिष्ट नियमाधिष्ठित जागतिक व्यवस्था टिकवण्याचे. आमच्या मते हेच या धोरणाचे मर्म आहे. झाडांच्या रोगाचे कारण पुढे करून ऑस्ट्रेलियाने १९२१ पासून न्यूझीलंडच्या सफरचंदांना दार बंद केले होते. विनवण्यांनी जे साधले नाही, ते जागतिक व्यापार संघटनेच्या २०१० च्या निकालाने साधले. मोठ्या शेजाऱ्याला नियम मानावा लागला आणि २०११ मध्ये ती सफरचंदे ऑस्ट्रेलियात पोहोचली. सबळाला नियमावाचूनही चालते. दुर्बळाला मात्र नियम हीच ढाल असते. लिखित संविधानाचे मोल अनुभवाने जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

ही निष्ठा केवळ व्यापारापुरती राहिली नाही. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी बड्या राष्ट्रांच्या नकाराधिकाराला विरोध केला होता. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद न्यूझीलंडचे राजदूत कॉलिन कीटिंग यांच्याकडे होते. परिषदेने त्या संहाराला ‘वंशसंहार’ म्हणावे, असा आग्रह त्यांनी धरला. बड्या राष्ट्रांनी तो शब्द टाळला. लहान राष्ट्राच्या आवाजाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्या प्रसंगी दिसल्या.

तिसरे उद्दिष्ट पॅसिफिक शेजाराचे. न्यूझीलंडच्या विकाससाहाय्याचा सर्वांत मोठा वाटा या बेटांकडे जातो. किरिबाती, तुवालू यांसारख्या सखल देशांना वाढत्या समुद्रपातळीचा धोका आहे. त्यामुळे हवामानबदल हा तेथे दूरचा विषय उरत नाही. सुरक्षा, अंटार्क्टिकाचे जतन आणि परदेशांतील नागरिकांचे साहाय्य हीदेखील मंत्रालयाची कामे आहेत.

ही उद्दिष्टे नेहमीच एका दिशेने चालतात असे नाही. ब्रिटनवरील अवलंबित्वातून सुटलेल्या या देशाचा आज सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे, आणि त्याच्याशी मतभेद व्यक्त करताना व्यापाराचा विचार करावा लागतो. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांच्या नेमणुकांअभावी ठप्प आहे. ज्या ढालीवर भिस्त होती, तिलाच तडे जात आहेत.

आपल्याशी येणारा संबंधही असाच बोलका आहे. भारताशी २०१० मध्ये सुरू झालेल्या व्यापार वाटाघाटी काही वर्षांत थंडावल्या. मार्च २०२५ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. न्यूझीलंड हा जगातील आघाडीचा दुग्धनिर्यातदार आहे. आपल्याकडे मात्र दोन-चार जनावरांवर घर चालवणारी कुटुंबे गावोगावी आहेत. म्हणून भारताने दूध, लोणी, चीज हे पदार्थ सवलतींबाहेर ठेवले. त्यावर न्यूझीलंडच्या परराष्ट्र मंत्र्यांनीच जाहीर नापसंती व्यक्त केली. दूरच्या राजधानीतील उद्दिष्टांचा धागा असा आपल्या गोठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रशासनात, कोणी व्यापारात, तर कोणी परदेशांत आहेत, आणि आज वसतिगृहात अभ्यास करणारी मुलेही उद्या त्याच वाटांनी जातील. कोणत्याही कराराची बातमी वाचताना त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : नियम कोणी लिहिला, तो मोडल्यास दाद कोठे मागायची, आणि सर्वांत दुबळ्या घटकाला त्यात कोणते स्थान आहे. न्यूझीलंडचे मंत्रालय गेली कित्येक दशके याच प्रश्नांची उत्तरे शोधत आले आहे.