सायफनने पाणी चढावर जाते का?

ओढा खाली, शेत वर आणि विजेचा भरवसा नाही, अशा ठिकाणी "नुसता पाईप टाका, पाणी आपोआप चढेल" असे सांगणारे भेटतात. पाईप खरेदी करण्यापूर्वी घरीच एक परीक्षा करून पाहावी.

गवंडी लेव्हल काढतात ती पारदर्शक नळी घ्या. भरलेली बादली स्टुलावर व रिकामी जमिनीवर ठेवा. नळी पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबून, एक तोंड वरच्या बादलीत बुडवा व दुसरे खालच्या बादलीत सोडा. पाणी वाहू लागेल. आता वाहते तोंड हळूहळू उचला. धार बारीक होत जाईल आणि वरच्या बादलीतील पाण्याच्या पातळीला तोंड आले की थांबेल. त्याहून वर उचलल्यास नळीतले पाणी उलट बादलीत परत जाईल.

मग फसगत होते कुठे? दुसरे तोंड खालीच ठेवून नळीचा मधला भाग डोक्याइतका उंच धरला तरी पाणी ती चढण ओलांडते. बघणाऱ्याला तेवढेच दिसते. ही चढणही अमर्याद नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ३४ फूट उंचीचे पाणी तोलतो, घाटमाथ्यावर त्याहून कमी. प्रत्यक्षात चढण २० फुटांच्या आतच ठेवावी. चढणीवर नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे सैल सांध्यातून हवा शिरते, मऊ पाईप चपटा होतो. तेथे तोटी बसवून पाणी काढू म्हणाल, तर तेही जमणार नाही. तोटी उघडताच पाणी येण्याऐवजी हवा आत जाईल व सायफन तुटेल.

म्हणून बांध न फोडता पाटाचे पाणी पलीकडच्या सखल सरीत घ्यायला सायफन उत्तम. उंचावरच्या शेताला त्याचा उपयोग नाही. शंका असल्यास त्याच नळीने ओढ्याची व शेताची पातळी काढावी.

ओढ्याला बारमाही धार व चांगला उतार असेल तर मात्र हायड्रॉलिक रॅमचा विचार करावा. फ्रान्समध्ये १७९६ साली, उष्ण हवेच्या फुग्यामुळे प्रसिद्ध असलेल्या जोसेफ मोंगोल्फिए यांनी तो तयार केला. पडत्या पाण्याच्या धक्क्याने थोडे पाणी वर जाते, बाकीचे ओढ्यात वाहून जाते. समजा, ६ फुटांवरून मिनिटाला १०० लिटर पाणी पडते व शेत ६० फूट उंच आहे. कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास मिनिटाला ६ लिटर, म्हणजे २४ तासांत ८,६४० लिटर पाणी वर मिळेल. एवढ्यावर उसाचे स्वप्न पाहू नये. ठिबकवर थोडी फळझाडे मात्र जगतील.