कमावणे

मुलांनो, 'कमावणे' हा शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु त्याचे कूळ आपणांस क्वचितच ठाऊक असते. संस्कृतातील 'कर्म' प्राकृतात 'कम्म' झाले, आणि त्यातून 'कमावणे' हे क्रियापद आले. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळी पैसा नाही, काम आहे! कातडे कमावतात, ते याच अर्थाने. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, केस काढावयाचे, बाभळीच्या सालीच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवावयाचे. तेव्हा कोठे ते जोड्याच्या उपयोगी पडते. मल्लाचे शरीरही असेच कमावलेले असते.

इंग्रजीतील 'अर्न' या शब्दाचे कूळ तर थेट शेतात सापडते. जर्मन भाषेत सुगीला 'एर्न्टे' म्हणतात. 'अर्न' हा तिचाच भाऊबंद. आमच्या कुरुंद्याच्या शेतकऱ्यास हे नाते समजावून सांगावयास नको. वसमत तालुक्यातील ही हळदीची भूमी. हळद खणावी, शिजवावी, उन्हात वाळवावी, तिला झळाळी आणावी, मग ती बाजारात जाते. या कामी राबणाऱ्या आईस मात्र कोणी 'कमावती' म्हणत नाही. शहरात नोकरीस असलेला तिचा मुलगा तेवढा 'कमावता'! शब्दाचे कूळ पाहता हा अन्यायच होय.

'मिळवणे' हा निराळा शब्द. त्याच्या मुळाशी 'मिल्', म्हणजे भेटणे, हा धातू आहे. वाटेत पडलेला रुपयाही मिळतो. तो कमावला असे कोणी म्हणत नाही. मूळचे याच कुरुंद्याचे, १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर पुढे नांदेडास प्राध्यापक झाले. व्यासंगाच्या बळावर त्यांनी महाराष्ट्रभर नाव केले, ते कमावलेले नाव.