‘कमिटीने फाइल बंद केली’ म्हणजे प्रकरण संपले?

तळेगावच्या एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, लोणावळ्याच्या रिसॉर्टमागच्या लाँड्रीत किंवा पॉलिहाऊसमध्ये फुलांची प्रतवारी करताना बायका एकमेकींना एक गोष्ट हमखास सांगतात: “तक्रार करून काय उपयोग? कमिटी शेवटी त्यांचीच.” हा अविश्वास उगाच आलेला नाही. पण त्याला जोडून येणारे दुसरे वाक्य, “आणि कमिटीने एकदा ठरवलं की पुढे काही करता येत नाही,” हे साफ चूक आहे. लैंगिक छळाची तक्रार नीट हाताळली गेली नाही, तर त्या हाताळणीविरुद्धच दाद मागता येते. दाद मागण्याची मुदत मात्र ठरलेली असते आणि ती गप्प बसण्यात निघून जाते, म्हणून हे गैरसमज वेळेत दूर व्हायला हवेत.

ही सोय आपोआप मिळालेली नाही, तिच्यामागे पुण्यातल्या एका बाईंची चिकाटी आहे. राजस्थानात १९९२ साली भंवरीदेवींवर झालेल्या अत्याचारानंतर विशाखा खटला उभा राहिला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी असे बजावले. बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी काही प्रकरणे मांडून न्यायालयाला पत्र लिहिले, आणि ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले. २६ एप्रिल २००४ च्या आदेशाने समितीच्या अहवालाला शिस्तभंगाच्या चौकशी अहवालाचा दर्जा मिळाला. १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालाने सांगितले की, विशाखा निकालातले नियम पाळले गेले नाहीत तर बाधित व्यक्ती आपापल्या उच्च न्यायालयात जाऊ शकते. पुढच्याच वर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. ‘कमिटीचा अहवाल म्हणजे मालकाला नुसता सल्ला’ असे जे आजही ऐकवले जाते, ते २००४ सालापासूनच खोटे आहे. आताच्या कायद्यात शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई करणे मालकावर बंधनकारक आहे.

“कमिटी आहे, पण ती मुंबईच्या हेड ऑफिसला.” लोणावळ्यातल्या हॉटेलांत आणि रिसॉर्टांत हे उत्तर सर्रास दिले जाते. कायदा म्हणतो की दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे समिती हवी, आणि शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र हवी. अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावायचा असतो. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तोच गुन्हा पुन्हा केला तर शिक्षा दुप्पट, शिवाय परवाना जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर? अशा वेळी पुणे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. छोट्या चिक्की कारखान्यातली कामगार, पवनानगरच्या कॅम्पिंगवर स्वयंपाक करणारी, बंगल्यावर केअरटेकर म्हणून राहणारी, या सगळ्यांसाठी ती आहे. तिच्यासाठी थेट पुणे गाठण्याची गरज नाही. तक्रारी घेण्यासाठी तालुक्याला आणि नगरपरिषदेला नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवायची असते. या नेमणुका रखडल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ३ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा तारखा ठरवून द्याव्या लागल्या. वडगावला तहसील कचेरीत जाऊन ‘मावळ तालुक्याचा नोडल अधिकारी कोण?’ असे लेखी विचारायला हरकत नाही, उलट विचारलेच पाहिजे.

“मी कंपनीची नाही, कॉन्ट्रॅक्टरची आहे.” याने काहीही फरक पडत नाही. रोजंदारीवरची, ठेकेदाराची, ट्रेनी, ॲप्रेंटिस, सगळ्या या कायद्यात ‘कर्मचारी’ आहेत, आणि कंपनीने नेण्या-आणण्यासाठी दिलेली बससुद्धा ‘कामाचे ठिकाण’ आहे.

आता सगळ्यात जास्त अन्याय जिथे होतो, ती गोष्ट. तक्रार दिल्यावर दोन-चार दिवसांत एचआरच्या केबिनमध्ये बोलावणे येते. टेबलावर साधा, कंपनीचे नाव नसलेला कागद असतो. त्यावर चार ओळी टाईप केलेल्या: ‘गैरसमजातून तक्रार झाली होती. आता माझी काही तक्रार नाही.’ खाली फुली मारून सहीची जागा दाखवलेली. “सही कर, मग तुझी शिफ्ट बदलून देतो.” अनेकींना वाटते की आपसात मिटवणे ही कायद्यातलीच पायरी असावी. तशी पायरी आहे, पण ती फक्त बाईने स्वतः मागितली तरच. ती समितीमार्फतच व्हायला हवी, पैशांच्या बदल्यात होता कामा नये, आणि काय ठरले त्याची प्रत दोघांनाही द्यावी लागते. एचआरच्या केबिनमधला तो कागद म्हणजे समेट नव्हे. नोकरीवर परिणाम होईल अशी उघड किंवा आडून धमकी देणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार छळाचाच भाग ठरू शकतो. सही करून बसला असाल तर घरी आल्यावर त्याच दिवशी, कोणी, कुठे, काय बोलून सही घेतली ते लिहा आणि समितीच्या अध्यक्षांना पाठवा.

बदलीचेही तसेच. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितले तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देऊ शकते, आणि तिच्या कामाचा अहवाल त्या माणसाने लिहू नये असेही सांगू शकते. तिने न मागता तिलाच रातोरात दुसऱ्या प्लँटला पाठवणे या तरतुदीत बसत नाही.

“पुरावा नाही म्हणून तक्रार खोटी ठरली, आता तुझ्यावरच कारवाई.” ही भीती मुद्दाम घातली जाते. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, तक्रार सिद्ध करता न येणे किंवा पुरेसा पुरावा नसणे एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. तिचा दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. कोपऱ्यात, कॅमेरा नसलेल्या जागी घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा, याची जाण कायदा करणाऱ्यांना होती.

आणि आता अपील. कलम १८ खाली समितीच्या शिफारशींविरुद्ध, किंवा शिफारशी मालकाने अमलात आणल्या नाहीत म्हणून, ९० दिवसांत अपील करता येते. सेवाशर्तीत न्यायालय किंवा न्यायाधिकरण सांगितले असेल तर तिथे, नाहीतर नियमांनुसार ठरलेल्या अपील प्राधिकरणाकडे. ‘आरोप सिद्ध झाला नाही’ या निष्कर्षाविरुद्धही अपील चालते. नुसते ‘अन्याय झाला’ असे लिहून भागत नाही. काय चुकले ते नेमके दाखवावे लागते, आणि चुका बहुधा तारखांत सापडतात. तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामकाजी दिवसांत गेली का? त्याचे उत्तर तुम्हाला दाखवले का? बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर होते का? बाहेरचा सदस्य कधी दिसला का? तुम्ही नावे दिलेल्या साक्षीदारांना बोलावले का? चौकशी ९० दिवसांत संपली का? आणि संपल्यावर दहा दिवसांत अहवाल हातात आला का? अहवाल मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. “तो गोपनीय आहे” हे उत्तर गावाला आणि पेपरला चालेल, पक्षकाराला नाही.

यासाठी तक्रार देतानाच कागद सांभाळायचा. नियमाप्रमाणे सहा प्रती द्यायच्या, सातवी स्वतःकडे ठेवायची आणि तिच्यावर तारीख, शिक्का, सही घ्यायची. शिक्का मारत नसतील तर ईमेलने किंवा स्पीड पोस्टने पाठवून पावती जपायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे, उपकार नव्हे.

“थोडं थांबू, साहेब रिटायर होऊ दे.” असे थांबणे फार महागात पडते. तक्रारीला शेवटच्या घटनेपासून तीन महिने मिळतात. समितीला कारण पटले तर आणखी तीन, त्यापुढे नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची तक्रार एप्रिल २०२३ मधल्या घटनेबद्दल होती, ती दिली गेली डिसेंबरात. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ रोजी ती मुदतीबाहेरच ठरवली. विधी विद्यापीठातल्या बाईंनाही मुदतीतून सूट मिळाली नाही.

घाईघाईने उरकलेली चौकशीसुद्धा शेवटी तक्रारदाराच्याच मुळावर येते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ साली तक्रारी केल्या आणि त्याला नोकरीवरून काढले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण समितीने त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी न देता चौकशी उरकली होती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. चौदा वर्षांनंतर त्या मुलींच्या पदरात काय पडले, हा विचार मनाला फार लागतो. म्हणून समोरच्याचे ऐकून घ्या असा आग्रह तक्रारदारानेही धरावा.

लोणावळ्यासाठी आणखी एक गोष्ट. छळ करणारा पाहुणा असेल, तर “गेस्ट आहे, सोडून दे” हे मालकाला म्हणता येत नाही. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्यांपासून सुरक्षित वातावरण देणे त्याचे कर्तव्य आहे, आणि बाईची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करायला त्याने मदत करायची असते. समितीकडे गेल्याने पोलिसांचा रस्ता बंद होत नाही. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते, तर कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. पण हद्दीचे कारण सांगून कोणत्याही ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. बंगल्यावर घरकाम करणाऱ्या बाईच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले, तर स्थानिक समितीनेच ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

समितीपुढे वकील चालत नाही, पण अपिलासाठी घेता येतो. फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, आणि सोबत अहवालाची प्रत व तो हाती पडल्याची तारीख न्यायची.